शोकप्रस्ताव मागे घेताना

लोकांच्या बायका माहेरी जातात, माझी दौऱ्यावर जाते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच ही पक्षात गेली, आणि तेव्हापासून मी हिच्याशी आणि पक्षाशी असा दोघांशी संसार करतोय. तक्रार नाही, नुसतं सांगतोय. तक्रार असती तरी करणार कुणाकडे? पक्षाचा तक्रार विभागही बरीच वर्षं हिच्याकडेच होता.

मी चष्मेवाला. चौकात दुकान आहे, आणि हिला पक्षात ओढलं गेलं ते त्याच दुकानातून. दुकानाची पाटी फुटपाथवर पुढे आलीय असं सांगायला नगरपालिकेचा एक माणूस आला होता. मी मवाळ माणूस, मी पाटी काढायला स्टूल शोधत होतो. ही मात्र त्याला समोरच्या बाजूच्या सगळ्या पाट्या एकेक करून दाखवत होती आणि त्यातली कुठली कुणाच्या मेहुण्याची, हेही सांगत होती. तेव्हा डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून एक उंच गृहस्थ बसले होते. ते तसेच, हनुवटी न हलवता म्हणाले, "चष्म्याचं राहू द्या हो. आधी या बाई मला द्या."

सगळं दुकान दणाणलं. बाहेरून जाणारे दोघं थांबून आत बघायला लागले. ते भोंगेकाका. बस डेपोत मेकॅनिक, आणि पक्षाचे जिल्हाध्यक्ष. त्यांचं खरं नाव मतदार यादीपुरतं होतं. सभेत वीज गेली की बाकीचे पुढारी घाम पुसत बसायचे आणि काका उभे राहून शेवटच्या रांगेपर्यंत भाषण पोचवायचे, म्हणून ते भोंगेकाका.

मग ही वॉर्डात, वॉर्डातून शहरात, शहरातून जिल्ह्यात, आणि तिथून राज्याच्या कार्यालयात गेली. सहचिटणीस, चिटणीस, सरचिटणीस. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात सरचिटणिसाचं काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. सभागृह ठरवा, माईक तपासा, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन नेते शेजारी बसणार नाहीत हे बघा, आणि ते इतकेही लांब बसू नयेत की वर्तमानपत्रवाल्यांच्या लक्षात येईल. प्रत्येक अधिवेशनाला ही प्रतिनिधी. ठराव लिहायचा हिने, मांडायचा दुसऱ्याने, टाळ्या तिसऱ्याला. हिच्या वाट्याला एक वाक्य यायचं, "मी या ठरावाला मनःपूर्वक अनुमोदन देते." घरी मी विचारायचो, "पंखा लावू का?" आणि स्वतःच उत्तर द्यायचो, "मनःपूर्वक अनुमोदन." ती उशी फेकायची.

काकांची शिकवण वेगळी होती. ते तिला म्हणायचे, "ठराव काय, कुणीही मांडेल पोरी. कोण कुठे बसलाय आणि त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे ज्याला ठाऊक, तो खरा पक्ष." तिने ते कित्येक वर्षं पाळलं. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा, सगळं तिला तोंडपाठ असायचं. पुढे व्याप वाढला. मग कार्यालयातून निरोप जायला लागले, अभिनंदनाचा एक ठरलेला मजकूर आणि दुःखाचा एक ठरलेला मजकूर, दोन्हींत नाव कुणाचंच नाही. खाली हिची सही. काका तोवर निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेले होते, शहरापासून दीडेक तासावर. आवाजही बसला होता त्यांचा, घशाच्या कसल्याशा दुखण्याने.

आणि यंदा राज्याचे जुने अध्यक्ष तब्येतीमुळे बाजूला झाले. एरवी अध्यक्षाचं नाव वरून यायचं आणि खाली टाळ्या वाजायच्या. या वेळी वरच्यांचंच एकमत होईना, तेव्हा ठरलं की अधिवेशनात प्रतिनिधींनी गुप्त मतदान करावं. दोन उमेदवार उभे राहिले. एक पक्षाचे खजिनदार, सिमेंटचे मोठे व्यापारी, ज्यांना आम्ही घरात नुसतं 'सिमेंट' म्हणायचो. दुसरी ही.

ज्या दिवशी तिने अर्ज भरला त्या दिवशी दुकान बंद करताना ती माझ्या स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, "हसू नकोस. मला एकदा मधल्या खुर्चीत बसायचंय. एकदाच. आयुष्यभर ती खुर्ची मी लावलीय रे, पुसलीय, तिच्यासमोर माईक ठेवलाय. आता बसायचंय."

मी कशाला हसू? मी दुसरं स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

मग चार-पाच महिने ती घरी फक्त कपडे बदलायला येत होती. दोघांचं बळ जवळजवळ सारखं होतं, आणि तागडी कुठे झुकणार ते काकांच्या जुन्या जिल्ह्यावर होतं. तिथला आताचा जिल्हा चिटणीस हिच्या बाजूचा. धावपळ्या माणूस, सदा घाईत, एका कानाला कायम फोन. त्याच्यामागे जिल्ह्याचे सगळे प्रतिनिधी. त्याच काळात त्यानेच तिला फोनवर कळवलं की भोंगेकाका गेले, आपण पक्षातर्फे पुष्पचक्र वाहून आलो. ही तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला होती. गाडी रस्त्याच्या कडेला लावून ती मला फोनवर हुंदके देत म्हणाली, "निवडणूक झाली की आपण दोघं जाऊ. मला एकटीला नाही जाववणार." कुटुंबाला तिच्या सहीचा निरोप गेला. तिने मला तो वाचूनही दाखवला होता. 'आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या आघातात आम्ही आपल्यासोबत आहोत' वगैरे.

अधिवेशन एका मोठ्या क्रीडा सभागृहात होतं. प्रतिनिधींच्या गळ्यात निळी ओळखपत्रं, बोलायची परवानगी हवी असेल तर ते पत्र हात वर करून दाखवायचं, अशी रीत. ठरावाच्या मतदानालाही तेच. मी पाहुण्यांच्या सज्जात, नुकत्याच बनवलेल्या लांबच्या चष्म्यासह. बायको अध्यक्ष होताना धूसर दिसायला नको, म्हणून खास बनवला होता.

कामकाजाची सुरुवात शोकप्रस्तावाने होते. मागच्या अधिवेशनानंतर जे गेले त्यांची नावं सरचिटणीस वाचतो, सगळे उभे राहतात, दोन मिनिटं शांतता, आणि उभं राहणं म्हणजेच मंजुरी. ही वाचत होती. सगळ्यात शेवटी काकांचं नाव ठेवलं होतं. तिथे तिचा आवाज फुटला. कागद बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी आज इथे उभी आहे ती त्यांच्यामुळे," आणि पुढे बोलताच येईना. समोर कित्येक जण डोळे पुसत होते. सगळं सभागृह उभं राहिलं आणि माना खाली गेल्या.

माझी गेली नाही, कारण मला नवा चष्मा होता आणि शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, भोंगेकाका उभे होते.

आधी मला वाटलं, चष्म्याचा नंबर चुकला. काढून पुसला, परत घातला. काकाच. गालफडं बसलेली, कोट अंगावर लोंबत होता, पण काकाच. आपलं नाव ऐकून त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग काय करावं ते न सुचून त्यांनीही मान खाली घातली. शोकप्रस्तावात मधे बोलायचं नसतं, हे त्यांनीच दोन पिढ्यांना शिकवलं होतं. ती शिस्त त्यांनी स्वतःच्या शोकप्रस्तावातही मोडली नाही. पूर्ण दोन मिनिटं माणूस स्वतःच्या मरणासाठी सावधान उभा राहिला.

सगळे खाली बसल्यावर मात्र त्यांनी माजी जिल्हाध्यक्षांना कायमचं मिळणारं आपलं ओळखपत्र शांतपणे वर केलं.

त्यांच्या शेजारच्या बाई किंचाळल्या. रांगेतून रांगेत कुजबुज पसरली, मग कुणीतरी हसलं, मग 'सिमेंट'च्या बाजूचे बरेच जण हसले. व्यासपीठावर हिने मान वर केली आणि ती जिथे होती तिथेच थिजली. सभाध्यक्ष म्हणून एक वयस्कर वकील बसले होते. त्यांनी चहासाठी सभा थांबवली. बिचाऱ्यांना तेवढंच सुचलं.

मी सज्जातून धावत खाली आलो. व्यासपीठाच्या मागे खुर्च्या रचून ठेवलेली एक खोली होती. तिथे ही, जिल्हा चिटणीस आणि एका खुर्चीवर काका. चिटणिसाचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि फोन पहिल्यांदाच खिशात होता.

"अहो ताई, मी गेलो होतो ना त्यांच्या घरी," तो सांगत होता. "दारात गर्दी होती, लोक रडत होते. मी ओट्यावर चक्र ठेवलं, फोटो काढला, हात जोडले आणि निघालो. त्या दिवशी मला आणखी दोन मयती आणि एक उद्घाटन होतं."

"आत गेला नाहीस?" हिने विचारलं.

"आत जायचं म्हणजे अर्धा तास गेला असता, ताई."

"कोण गेलं ते तरी विचारायचंस."

"त्यात विचारायचं काय? पक्षाचं घर, पक्षाचा म्हातारा माणूस..." तो थांबला. काका हसत होते. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते.

"दादा गेला माझा," ते म्हणाले. त्या भोंग्याच्या जागी आता कागदावर कागद घासल्यासारखा आवाज उरला होता. "तुमच्या चक्रावर 'अमर रहे' लिहिलं होतं. दादाला राजकारणाचा तिटकारा. वहिनी म्हणाल्या, आता तरी हे पक्षाला नावं ठेवणार नाहीत म्हणून पाठवलं असेल."

मलाही हसू आलं, पण हिच्या तोंडाकडे बघून ते विरलं.

तेवढ्यात वकीलसाहेब आत डोकावले. त्यांनी नियम सांगितला. प्रस्ताव सभागृहाने उभं राहून मंजूर केलाय. तो मागे घ्यायचा तर ज्याने मांडला त्यानेच घ्यायचा, आजच, माईकवर, आणि चूक का झाली ते सांगून, कारण ते कामकाजात लिहिलं जाणार. नाहीतर पुढच्या अधिवेशनापर्यंत तो तसाच राहील. "म्हणजे," ते चाचरत म्हणाले, "पक्षाच्या दफ्तरी काका तोवर... शिवाय आज मतदानही करता येणार नाही त्यांना." आणि ते निघून गेले.

जिल्हा चिटणिसाने हिचा हात धरला. "ताई, पाया पडतो. आत्ता माईकवर जाऊ नका. मतदान दोन तासांवर आलंय. माझे लोक काठावर आहेत. तुम्ही उभ्या राहून 'मी जिवंत माणसाला मारलं' म्हणालात की 'सिमेंट'ला भाषणाची गरजच नाही. काकांना इथे बसवू. चहा देऊ. संध्याकाळी तुम्ही अध्यक्ष झालात की पहिलं पत्रक दुरुस्तीचं. काय काका?"

"बसतो की," काका म्हणाले. "अर्धा दिवस मेलो तर काय बिघडलं? पोरी, तू जिंकून ये. मी इथे खुर्च्यांवर लक्ष ठेवतो. आणि खरं सांगू? बरं वाटलं. दोन मिनिटं सगळं सभागृह गप्प होतं माझ्यासाठी. मी जिवंतपणी बोलायचो तेव्हा कधी राहिलं नाही."

चिटणिसाने सुटकेचा निःश्वास सोडला. माझं मात्र डोकं फिरलं होतं. आपलं काम सोपं व्हावं म्हणून एका म्हाताऱ्याला अडगळीच्या खोलीत ठेवायचं, हे कुठलं राजकारण? पण मी तोंड उघडलं नाही. खुर्ची माझी नव्हती. ती खुर्ची किती वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती भिंतीला टेकून उभी होती, आणि मला दिसत होतं की ती 'बरं' म्हणायच्या बेतात आहे.

ती काकांसमोर वाकली. "काका, माफ करा हं मला. मी यायला हवं होतं."

"अगं, तू कशाला माफी मागतेस? तुझा निरोप आला होता ना!" काका खरंच मनापासून म्हणाले. "वहिनींना मीच वाचून दाखवला. तुला दादाची ओळखसुद्धा नव्हती, तरी एवढ्या धावपळीत आठवणीने लिहिलंस. वहिनींनी तो जपून ठेवलाय. पक्षातून बाकी कुणी विचारलं नाही गं आम्हाला."

मी हिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी आयुष्यभर बघितलाय, पण तसा कधी बघितला नव्हता. जो निरोप तिने काका मेले असं समजून पाठवला होता, तोच काका तिला उपकारासारखा परत देत होते. तिने त्यांना काही समजावलं नाही. पदर खांद्यावर नीट घेतला आणि ती व्यासपीठाकडे चालायला लागली.

"ताई, अहो ताई!" चिटणीस मागे धावला. मी त्याला वाट दिली नाही. माझं पोट मोठं आहे आणि दार अरुंद होतं.

माईकवर ती फार बोलली नाही. म्हणाली, "थोड्या वेळापूर्वी मी एक शोकप्रस्ताव मांडला. त्यातलं शेवटचं नाव मी मागे घेते. ते जिवंत आहेत, याच इमारतीत आहेत. आपण त्यांच्या घरी गेलो, पण आत गेलो नाही. चूक पूर्णपणे माझी आहे. माझं माणूस गेलं असं मला सांगितलं, आणि मी तिकडे गेले नाही. मला मतं गोळा करायची होती. गेले असते तर ते दारातच भेटले असते. हे कामकाजात असंच लिहून घ्या."

चिटणिसाचं नाव तिने घेतलं नाही. तो मान खाली घालून बसला होता.

"अनुमोदन?" वकीलसाहेबांनी विचारलं. कुणी उठेना. हिच्या बाजूचे छताकडे बघत होते, 'सिमेंट'च्या बाजूचे मजा बघत होते. इतकी वर्षं ज्यांच्या ठरावांना ही उठली, त्यांतला एकही उठला नाही. तेवढ्यात मागच्या दारातून भोंगेकाका आले आणि त्यांनी ओळखपत्र वर धरलं. "मी देतो," ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांच्यामागून मी ओरडून सांगितलं, "ते देताहेत!" पाहुण्यांना बोलायला बंदी आहे. त्याबद्दल मला नंतर समज मिळाली.

वकीलसाहेबांनी घटनेची पानं उलटली. "ज्याच्या निधनाचा प्रस्ताव आहे त्याने अनुमोदन द्यावं की नाही, याबद्दल घटनेत काही नाही," ते म्हणाले. सभागृह हसलं, आणि हसता हसता सगळ्यांनी निळी पत्रं वर केली. 'सिमेंट'सकट.

दुपारी मतदान झालं आणि ही हरली. थोडक्यात नाही, चांगली हरली. काकांचा जुना जिल्हा तिकडे गेला. 'सिमेंट' मधल्या खुर्चीत बसला तेव्हा त्याच्या समोरचा माईक वाकडा होता. ही उठून तो सरळ करून आली. मला तिथे रडू फुटलं, तिला नाही. तिने सगळ्यांशी हात मिळवले, नव्या अध्यक्षांचं अभिनंदन केलं, सभागृहाचे पडदे आवरणाऱ्यांचे आभार मानले.

"आता घरी?" मी गाडीत बसताना विचारलं. काका मागच्या सीटवर होते.

"काकांच्या घरी," ती म्हणाली.

दीड तासाचा रस्ता. काका मधेच डुलकी घेत होते. पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बसकं घर, बाहेर ओटा. काका म्हणाले, "या, बसा इथेच वाऱ्याला." ही थांबली नाही. चपला काढल्या आणि सरळ आत गेली.

वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांना जाड भिंगं, आणि ती फ्रेम एका बाजूला उतरलेली. काकांनी ओळख करून दिली, तशा त्या उठायला लागल्या. "तुमचा निरोप आला होता," त्या म्हणाल्या. हिने त्यांना खांदे धरून बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी खालीच बसली.

"तुमचे यजमान कसे होते हो?" हिने विचारलं. "मला काही माहीत नाही त्यांच्याबद्दल."

वहिनींनी घसरलेला चष्मा सरळ केला. मग बोलायला लागल्या. ते टपालात होते. आयुष्यभर एकही वाक्य पुरं केलं नाही, अर्ध्यावर सोडून द्यायचे आणि पुढचं वहिनींनी ओळखायचं. भावाच्या भाषणांना कधी गेले नाहीत, पण गल्लीच्या तोंडाशी सायकल लावून ऐकायचे. हे काकांनाही ठाऊक नव्हतं. ते दारातच उभे राहिले. शेवटच्या दिवशी दादा कपाट उघडून काहीतरी शोधत होते, काय ते सांगितलंच नाही, आणि वहिनींना अजून ओळखता आलेलं नाही. रोज कपाट उघडून बघतात.

तेव्हा ही रडली. सबंध दिवसात पहिल्यांदा, तोंडावर हात घेऊन, लहान मुलीसारखी. मला वाटलं, आता खुर्ची आठवली असेल, गेलेली वर्षं आठवली असतील. वहिनींना वाटलं, ही त्यांच्या माणसासाठी रडतेय. त्यांनी वाकून हिच्या पाठीवर हात ठेवला, "रडा हो, रडा, इथे कुणी आत येऊन रडलंच नाही," असं म्हणाल्या आणि स्वतःही रडायला लागल्या. मी आणि काका ओट्यावर जाऊन बसलो.